अकराजणांचा केक

फार मागची गोष्ट, तेव्हा मुंग्यांच्या लग्नातसुद्धा केक लागायचा. राही मुंगीच्या लेकीचं लग्न ठरलं. दोन्हीकडची मिळून अकराच माणसं. बेकरीत व्याही मुंगळा तीन मजली केकपुढं अडूनच बसला.

"विहीणबाई, हाच घ्या! उंदीर देईल की पोचवून."

"उंदराच्या तोंडी दिलेला केक मांडवात किती यायचा, व्याहीबुवा?"

राहीनं टुटीफ्रुटीचा एक लाल दाणा असलेला तुकडा निवडला.

मुंगळा फुरंगटला. "एवढासाच? लोक हसतील!"

"हसू देत. आपल्या अकराजणांना पेलतो ना?"

अकराजणांनी तो डोक्यावर घेतला आणि वाजतगाजत निघाले. वाटेत झुरळानं खोचकपणे विचारलं, "कुणाचा रे हा केक?"

सगळ्यात पुढं असलेला व्याही मुंगळा मान ताठ करून गरजला, "आमचा! सरक बाजूला. आमच्या विहीणबाईंनी निवडलाय."