आकडे कोणी लिहिले?

कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. टिपणीसांच्या ज्वारीवरच्या शोधनिबंधातले आकडे बनावट निघाले आणि चौकशी समिती बसली. टिपणीस म्हणजे तीस वर्षं मुरलेले शास्त्रज्ञ. त्यांनी बोट दाखवलं ते त्यांच्या विद्यार्थिनीकडे, शाल्मली ढोबळेकडे. तिची पीएचडी अजून पुरी व्हायची होती आणि निबंधात तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं.

"तरुण मुलींना नाव कमावायची घाई असते हो," टिपणीस समितीला म्हणाले. "मी आपली विश्वासाने सही केली."

आकडे सरांनीच बसवले होते, पण शाल्मलीचं ऐकणार कोण? ती उठून उभी राहिली.

"मॅडम, मला मान्य आहे," ती अध्यक्षा डॉ. बेहेरेंना म्हणाली. "फक्त सगळं लिहून घ्या. आकडे माझे, म्हणजे कल्पना माझी, मांडणी माझी, निष्कर्षही माझेच. सरांना यातलं काही कळतच नव्हतं. तेव्हा या निबंधासाठी त्यांना मिळालेलं सुवर्णपदकही माझ्या नावावर करा."

टिपणीस ताडकन उठले. "काहीतरीच काय! ही नुसती कणसं मोजायची! माझ्या वहीला हात लावायची हिची टाप नव्हती. त्यातला एकेक आकडा मी स्वतः लिहिलाय!"

बेहेरेबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"पुन्हा एकदा सांगता का, सर? शब्द न् शब्द लिहून घेते."

शाल्मली खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिने छातीभर श्वास घेतला आणि समोरचा गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.