पाहुण्यांच्या खोलीचा ठराव

स्पेनमधल्या एका समुद्रकाठच्या गावात अलिबागच्या शरयू टिपणीस एकट्या राहत होत्या. नवरा गेल्यावर नगरपालिकेचा रीतसर परवाना काढून त्या घरातली एक खोली पर्यटकांना भाड्याने देत. त्यावरच घर टिकून होतं.

पण त्यांच्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष रामिरो यांना हे खपेना. ते राहायचे माद्रिदला आणि इथल्या आपल्या फ्लॅटवर यायचे फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत. तिथल्या कायद्याने इमारतीतले घरमालक तीन-पंचमांश बहुमताने अशी भाडी बंद करू शकतात. रामिरोंनी सभा बोलावली आणि छाती काढून ठराव मांडला, "जो माणूस इथे वर्षातून चार दिवस राहतो, त्याला इमारतीची माया नसते. अशाला जिन्यावर पाऊल ठेवू देऊ नये!"

शरयूबाई उठल्या. "ठराव मला मान्य आहे. काळजी फक्त साहेबांची वाटते. पुढच्या उन्हाळ्यात ते उतरणार कुठे? मीच खोली दिली असती, पण ठरावाने तीही बंद होणार!"

सभा खो खो हसली. रामिरोंनी खाकरत ठराव मागे घेतला.

शरयूबाई थेट शेजारच्या पिलारआजींकडे गेल्या. याच म्हातारीने त्यांना स्वयंपाकघरात बसवून स्पॅनिश शिकवली होती. आजींचे हात धरताना शरयूबाईंचे डोळे भरून आले.

"आजी, तुम्ही बोलायला शिकवलंत म्हणून आज माझं घर वाचलं."

"बोलायला मी शिकवलं गं," आजी हसल्या, "पण टोमणा तू माहेरून आणलास!"