मुक्या घंटांची ओतशाळा

एका राज्यात बारमाही धुके उतरत असे. हात पुढे केला तर स्वतःची बोटे दिसत नसत. तरी कोणी वाट चुकत नसे. वेशीवेशीवर काशाच्या घंटा होत्या, आणि त्यांच्या नादामागे माणसे, गुरे, वऱ्हाडे बिनघोर घरी येत.

त्या राज्याच्या डोंगरात नीलकेतू नावाचा जादूगार राहत होता. त्याची एकुलती लेक तापाने गेली. तो दरबारात आला नि म्हणाला, "महाराज, माझ्या लेकीच्या आवाजाची एक घंटा ओतवून द्या."

दरबार खो खो हसला. राजाही हसला.

जादूगार म्हणाला, "माझे घर मुके झाले. तुमच्या घंटाही मुक्या होवोत."

तशा त्या झाल्या. धुक्यात गेलेली माणसे परतेनाशी झाली.

राजाच्या ओतशाळेतले कारागीर पांगले. उरला एकटा म्हातारा सटवोजी ओतारी. त्याच्या दारी एके सकाळी चंद्रावळ नावाची बाई येऊन उभी राहिली.

"मुक्या घंटांच्या कामाला कोण येते, बाई?"

"तुमची भट्टी अजून पेटते असे ऐकले, बाबा. म्हणून आले."

सटवोजीने तिला ठेवून घेतले. आधी तिने साच्याची माती तुडवली, मग भाता ओढला, शेवटी मुशीतला तांबडालाल रस साच्यात ओतला. घंटा उतरली देखणी. चंद्रावळने हौसेने टोला दिला. आवाज नाही. तिला रडू कोसळले.

"पहिली घंटा आहे," सटवोजी हळूच म्हणाला. "रडून घे."

तेव्हा आढ्यावरची साळुंकी बोलली, "त्या लेकीचा आवाज होता तरी कसा, हे जादूगाराला कोणी विचारलेच नाही."

चंद्रावळने डोळे पुसले. साळुंकी पुढे बोलत उडाली, चंद्रावळ त्या बोलामागे डोंगर चढली. जादूगाराच्या दारातल्या दगडी वाघांनी तिचे हात हुंगले आणि वाट दिली.

"कोण तू?"

"नवी ओतारीण. दादा, तुमची लेक बोलायची कशी?"

नीलकेतू म्हणाला, "आवाज जरासा घोगरा. पण मला हाक मारताना शेवटी उंच चढे. सांजवेळी तर फारच."

ती परतली. तिने आणि सटवोजीने घंटा ओतली, ती तडकली. दुसरी ओतली, ती मुकीच राहिली. तिसऱ्या खेपेस दारात जादूगार स्वतः उभा होता.

"भाता मी ओढतो," तो म्हणाला.

घंटा निवली. चंद्रावळने टोल्याचा हातोडा त्याच्या हाती दिला. त्याने तो उचलला, तिने खालून आधार दिला. नाद उठला. आधी घोगरा, मग उंच, उंच चढत गेला. नीलकेतूने घंटेला कपाळ टेकले आणि तो लहान मुलासारखा रडला.

त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या घंटा वाजू लागल्या. धुक्यात हरवलेली माणसे चालत आली. कोणी तसूभर म्हातारे झाले नव्हते. "उशीर झाला का?" असे विचारीत ती आपापल्या उंबऱ्यात शिरली.

राजा अनवाणी आला. "मी हसलो, ते चुकले," तो म्हणाला. "ही घंटा तुमची. घेऊन जा."

जादूगाराने नकाराची मान हलवली. "डोंगरात ती कोणाला हाक मारील? मोठ्या वेशीवर टांगा. इथे तिच्या हाकेला कोणीतरी रोज ओ देत घरी येईल."