वीतभर दूर बसलेले पाखरू

एका राज्यात, ज्याच्या चहूकडे समुद्र होता आणि मधोमध ढगांना टेकलेला डोंगर, यशोवती नावाची राणी राज्य करीत असे. त्या घराण्याची रीत मोठी विचित्र. बारसे झाले की राजकन्येला कुणी शिवायचे नाही, आईनेसुद्धा नाही. दासी लांब दांड्याच्या फणीने तिचे केस विंचरीत, राणी दुरून डोळे भरून पाही. अंगाला अंग लागले की राजतेज उतरते, म्हणे. कुणाचे उतरले होते कोण जाणे!

राजकन्या मधुलिकेचे दुधाचे दात पडू लागले, त्या सुमारास दरबारात एक मांत्रिक आला. राणीने त्याचा नमस्कार घेतला नाही. त्याने रागाने मधुलिकेचे चिमुकले पाखरू केले आणि ते डोंगराकडे उडून गेले. राणीने मुकुट काढून त्याच्या पायांशी ठेवला, तेव्हा तो म्हणाला,

“अनवाणी डोंगर चढ. पाखरांतून लेक ओळख. सूर्य मावळण्याआधी तिला गायला लाव. चुकलीस तर ती जन्मभर पाखरूच.”

राणी चढली. पाय रक्ताळले. माथ्यावरच्या रानात शेकडो पाखरे होती, सगळी हिरवी, सगळ्यांच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे. राणीने हाका मारल्या. एकही आले नाही. मग एक म्हातारे पाखरू बोलले, “राणी, आम्ही कसे बसतो ते पाहा.”

उन्हे कलली. पाखरे फांदीवर पंखाला पंख लावून दाटीवाटीने बसली, एकमेकांची पिसे सारखी करू लागली. एकच वीतभर दूर बसले होते. शेजारच्याने सरकून जागा दिली, तर ते आणखी पलीकडे सरकले.

राणीला भडभडून आले. ही तिचीच शिकवण होती.

“मधुलिके, गा.”

“मला येत नाही, महाराणी.”

सूर्य पाण्याला टेकला. राणीने ओंजळ पुढे केली, तसे पाखरू थरथरले.

“शिवू नका. तुमचे तेज उतरेल.”

“उतरू दे,” राणी म्हणाली. तिने पाखराला गळ्याशी धरले आणि आजवर कधी न म्हटलेली अंगाई अडखळत, बेसूर म्हटली. शेवटच्या ओळीला एक बारीक आवाज तिच्या आवाजात मिसळला.

शाप सुटला, आणि त्या दिवसापासून घराण्याची रीतही मोडली. राणी लेकीला कडेवर घेऊन डोंगर उतरू लागली.

“महाराणी, मी चालेन,” मधुलिका म्हणाली.

“आई म्हण.”

मधुलिकेने थोडा विचार केला, आईच्या खांद्यावर मान टाकली, आणि म्हटले.