राजाचे रांजण

"पण एक बाण दाखवला तर बिघडलं कुठं, बाई?"

निमिषनं हे विचारलं तेव्हा कुमुदबाई पडवीत बसून वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं दाखवणार?"

"शेवटच्या दारापाशी. छोटासा, पिवळा. पुढं काय करायचं ते खुणावेल. एवढंच."

"नाही."

"ऐकून तरी घ्या..."

"ऐकलं. नाही."

कुमुदबाई कोडी रचत. पेपरातली नव्हे, व्हिडिओ गेममधली. पुण्यातली एक कंपनी प्राचीन काळातल्या एका नगरीचा गेम बनवत होती आणि त्या नगरीतली सगळी बंद दारं बाईंची होती. बाई स्वतः शहर सोडून एका डोंगराच्या पायथ्याशी राहायला आल्या होत्या. शहरात प्रश्न संपायच्या आत लोक उत्तर देतात, अशी त्यांची तक्रार होती. मला ती रास्त वाटते.

निमिष त्यांचा शिष्य. कोडं कसं रचायचं हे तो त्यांच्याच हाताखाली शिकला. बाईंचं याआधीचं प्रत्येक दार त्यानं कुणालाही न विचारता उघडलं होतं, आणि हे तो सगळ्यांना, कुणी न विचारता, सांगत असे.

"लोक त्या दाराशी अडकतात, बाई. वैतागतात आणि गेम बंद करतात. परत येत नाहीत."

"नको येऊ देत."

"अशानं कंपनी बुडेल."

"एका दारानं बुडते?" बाईंनी एक किडका दाणा अंगणात भिरकावला. "मग बुडू दे."

आता अशा बाईशी बोलायचं तरी कसं! निमिषच्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळपर्यंत बाईंचा होकार मिळवला की अख्खा गेम त्याच्या हाती येणार होता. कंपनीच्या सरांनी तसा शब्द दिला होता. होकार मिळाला नाही, तर ते दारच काढून टाकायचं आणि बाईंना यापुढे काम द्यायचं नाही, हेही ठरलं होतं. हे सगळं त्यानं बाईंना सांगून टाकलं. तेवढा तो सरळ होता.

बाईंनी ऐकून घेतलं. शेंगा सोलणं थांबलं नाही.

"तू उघडलंयस का ते?"

"काय?"

"दार."

...

उघडलेलं नव्हतं. उत्तर ऑफिसात ठेवलेलं होतं, पण ते बघणं त्याला कमीपणाचं वाटे. आणि खेळून बघायला सवड झाली नव्हती. निदान तो तसं म्हणत असे.

"बस इथं," बाई म्हणाल्या. "उघड. उघडलंस तर बाण नाही. नाही उघडलंस तर लाव तुझा बाण. मी शब्द काढणार नाही."

निमिषला क्षणभर हसू आलं.

"म्हणजे मी हरलो तर जिंकलो?"

"हो. हर."

"हे फारच सोपं झालं."

"तुला?" बाई म्हणाल्या.

त्यानं मुकाट्यानं लॅपटॉप उघडला आणि कंट्रोलर जोडला.

शेवटचं दालन समोर आलं. गेमची नायिका रेवा, एका विहीर खोदणाऱ्याची मुलगी. बापाची पहार खांद्यावर टाकून, वाटेतले दगडधोंडे फोडत, ती सारी नगरी पालथी घालते आणि इथवर येते. राजानं खालच्या वस्तीचं पाणी तोडलेलं असतं आणि ते पाणी या दारामागं असतं. दारासमोर तीन थोरले रांजण. सोनेरी, प्रत्येकावर राजमुद्रा. कोपऱ्यात पाण्याचं टाकं. आणि भिंतीवर कोरलेला लेख.

"उजवा रांजण आधी भर. मग डावा. मधला शेवटी. हात जोडून उभी राहा. दार उघडेल."

निमिषनं लेख मोठ्यानं वाचला आणि बाईंकडं पाहिलं.

"एवढं स्वच्छ लिहिलंय. लोक अडकतात कुठं?"

"बघ."

त्यानं उजवा भरला. डावा भरला. मधला भरला. रेवानं हात जोडले.

दार करकरलं. जागचं हललंही.

उघडलं नाही.

रांजणांतलं पाणी हळूहळू झिरपून गेलं आणि तिन्ही पहिल्यासारखे रिकामे झाले.

"आवाज ऐकलात? दार हललं, बाई. थोडक्यात राहिलं."

"हललं खरं."

बाई खोटं बोलत नसत. मात्र विचारल्याशिवाय खरंही बोलत नसत. अशी माणसं सोबतीला जड जातात.

निमिषनं पुन्हा भरलं. या वेळी काठोकाठ. दार पुन्हा करकरलं, अधिक जोरात. त्याला हुरूप आला. लेख पुन्हा वाचला. रेवाला दाराच्या जवळ नेऊन हात जोडायला लावले, मग लांब नेऊन. मग गुडघ्यावर बसवून. मग क्रम बदलून पाहिला, मग पुन्हा लेखातल्याच क्रमावर आला, कारण भिंतीवर जे लिहिलेलं असतं ते खेळणाऱ्याच्या मदतीसाठीच असतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्याच ते खिळलेलं असतं.

ऊन पडवीतून अंगणात सरकलं. बाई उठल्या, चहा टाकला, एक कप त्याच्यापुढं ठेवला. तो तसाच निवला.

"लेखात चूक आहे."

"नाही."

"मग गेम बिघडलाय."

"नाही."

"मग दारच अन्यायाचं आहे!" निमिष ओरडला. "माणसानं सांगितलेलं सगळं करायचं, तंतोतंत करायचं, आणि तरी दार उघडायचं नाही? हे कोडं नाही, बाई. ही फसवणूक आहे!"

"तसं सरांना कळव. बाण लाव. जिंकलास तू."

...

निमिष उठला नाही.

त्याचे कान लाल झाले होते. फोन खिशात होता, गाडी दारात होती, आणि ज्यासाठी तो इतक्या लांब आला ते त्याच्या पदरात पडलं होतं. पण त्याला आता जिंकायचं नव्हतं, दार उघडायचं होतं. इथं मला हा मुलगा पहिल्यांदा आवडला.

तेवढ्यात फोन वाजला. सरांचाच. तो बोलायला अंगणात गेला आणि जरा वेळानं परत आला.

"सर विचारतायत, झालं का म्हणून."

"मग?"

"म्हणाले, बाईंना सांग, बाण लावा असं वरूनच आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे... वरून."

"कुणी सांगितलं?"

"ते नाही माहीत."

"का लावायचा?"

"तेही नाही..." निमिष चिडला. "बाई, वरून आलेलं असं विचारत बसायचं नसतं. सांगितलं की करायचं."

बाईंनी पुढची शेंग उचलली.

निमिष पुन्हा पडद्यासमोर बसला. उजवा रांजण भरायला घेतला...

आणि थांबला.

त्याची नजर भिंतीवर गेली. बराच वेळ तो तिकडं नुसता बघत राहिला. लेख तोच होता. अक्षरंही तीच.

"बाई..."

"हं."

"हा लेख कुणी कोरलाय?"

बाई सोललेले दाणे ताटलीत पसरत होत्या, जणू जगात तेवढंच काम उरलं होतं.

निमिषनं रेवाला भिंतीजवळ नेलं. मग रांजणाजवळ. राजमुद्रा आता पडदाभर दिसत होती. सगळा गेमभर दगड फोडायला जे बटण त्यानं वापरलं होतं, त्यावर त्याचा अंगठा गेला आणि तिथंच अडला. राजाचा रांजण. सोन्याचा. असल्या वस्तूला हात लावायचा तर भरायला किंवा पुसायला.

"फुटेल का हा?" त्यानं विचारलं.

...

"ठीक आहे. नका सांगू."

त्यानं बटण दाबलं.

रेवानं पहार उचलली आणि उजव्या रांजणावर हाणली. खापऱ्या उडाल्या. सोनं वरवरचंच होतं, आत मातीच. दार वीतभर वर गेलं.

निमिषच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. त्यानं डावा फोडला. मग मधला. फुटून गेल्यावरही त्याच्या तुकड्यांवर उगीच आणखी दोन घाव घातले.

दार सगळं वर गेलं.

रांजणांखाली दाराचा अडसर होता. ते जितके भरावेत तितका तो दाबला जाई आणि दार तितकं घट्ट बसे. दुपारभर निमिष आपल्या हातानं दार लावत होता, आणि ते लागल्याचा आवाज ऐकून खूश होत होता.

पाणी सुटलं. दालनातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून गल्लीत, गल्लीतून खालच्या वस्तीत. घराघरांतून बायका घागरी घेऊन धावत आल्या. एक म्हातारी घागर आणायची विसरली आणि तशीच पाण्यात बसली.

निमिषच्या डोळ्यांत पाणी आलं. खेळातलंच तर होतं ते सगळं! पण आलं खरं. त्यानं ते पुसलंही नाही.

"राजानं पाणी तोडलं," तो म्हणाला. "आणि दार कसं उघडायचं ते मी राजालाच विचारत बसलो."

त्यानं आपणहून फोन लावला. या वेळी अंगणात गेला नाही. बाईंसमोर उभा राहूनच बोलला.

"सर, बाण लागणार नाही... नाही, बाईंचा निरोप नाही हा. मी सांगतोय... हो, वरून आलंय ते कळलं. तरीही नाही... कारण दारात काही खोट नाही. खोट आपल्यात आहे, आपण सांगितल्याशिवाय काही करतच नाही... काढायचंही नाही, सर. दार काढलंत तर मीही निघालो... बरं. ठीक आहे. चालेल म्हटलं ना!"

त्यानं फोन ठेवला. मान ताठ होती.

"काय म्हणाले?"

"दार राहील. बाणाशिवाय. तुमचं कामही राहील. पण गेम मला मिळणार नाही. आणि लोक त्या दाराशी वैतागून पळाले तर घरी बसायचं मी."

"भीती वाटते?"

"वाटते, बाई. खूप."

"वाटू दे."

बाईंनी ताटली बाजूला सारली आणि दुपारपासून पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत माया होती. निमिषला ती दिसली आणि त्याला भरून आलं. इतकी वर्षं बाईंनी आपल्याला केवढं दिलं आणि आपण बाण घेऊन आलो, याची त्याला लाज वाटली. तो पुढं झाला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बाईंनी पाय मागं घेतले.

"माझं चुकलं, बाई," तो तसाच वाकून म्हणाला. "आता मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. आजपासून तुम्ही सांगाल ते, तुम्ही सांगाल तसं. का म्हणून विचारणारसुद्धा नाही."

...

"मग तुझे सर काय वाईट होते?" बाई म्हणाल्या.