राजकन्येच्या अंगणातली ठेंगणी चेरी

एका राज्यात वर्षाचे चार महिने बर्फ पडे आणि आठ महिने दरबारी बढाया झडत. तिथल्या राजकन्येने, कुंदप्रभेने, एका जादूगाराशी लग्नाला नकार दिला. त्याने शाप दिला आणि ती कमरेखाली पाषाण झाली. दरवर्षी तो दगड बोटभर वर सरके. तो काळजाला भिडला की सारं संपणार होतं.

उःशाप एकच होता. आपल्या अंगणातल्या झाडाची गोड चेरी तिने बसल्या जागेवरून स्वतः खुडायची. दुसऱ्याने तोडून दिलेल्या फळाचा तिच्या हातात खडा होई.

राजमाळी भद्रसेनाने जादूगाराच्या वनातून दोनदा रोप आणलं. दोन्ही झाडं गच्चीपार गेली, फळं तिच्या हाताला येईनात, म्हणून ती तोडावी लागली. दगड छातीशी आला, तेव्हा परसबागेची म्हातारी माळीण हंसाई पुढे झाली.

"महाराज, आता मी जाते."

"तू?" भद्रसेन हसला. "तू भाजीवाली!"

"भाजी उगवते तरी, मालक. तुमचं काय उगवलं?"

तीन डोंगर ओलांडून हंसाई वनात पोचली. तिथे सारखीच दिसणारी तीन रोपं होती आणि राखणीला एक साळुंकी.

"म्हातारे, प्रश्न तीन," साळुंकी म्हणाली. "उत्तर खरं मिळेल. चौथा विचारलास तर तूही दगड."

"ठेंगणं कोण राहील?"

"डावीकडचं आभाळ गाठेल. उरलेली दोन ठेंगणी."

राजकन्येचं अंगण एकाच झाडापुरतं होतं. म्हणून हंसाईने विचारलं, "त्या दोघांत एकटं फळणारं कोणतं?"

"मधल्याला जोडीदार लागतो. उजवीकडचं एकटं फळतं."

आता फळ कधी धरेल हे विचारावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण रोपाच्या बुंध्यावर कलमाची गाठ होती, तिच्यावर तिचा हात थांबला.

"ही गाठ कुठे ठेवू?"

साळुंकीने पंख फडफडवले. "हे आजवर कुणी विचारलं नाही! मातीच्या वर. खाली ठेंगण्याचं मूळ आहे, वर गोडीची फांदी. गाठ पुरलीस तर फांदी स्वतःची मुळं सोडेल आणि झाड उंच जाईल."

हंसाईने उजवीकडचं रोप आणून राजकन्येच्या अंगणात लावलं, गाठ मातीच्या वर ठेवून. भद्रसेन लगेच फावडं घेऊन आला.

"ही गाठ झाक. दरबाराची शोभा जाते."

"शोभेपायी दोनदा गाठ पुरलीत आणि पोर बुडवलीत!" हंसाई कडाडली आणि तिने माती दोन्ही हातांनी मागे सारली. राजा मध्ये पडला. "भद्रसेना, फावडं ठेव."

रोपाला काठीचा आधार दिला, पाखरांपासून राखायला जाळी घातली. तिसऱ्या उन्हाळ्यात झाड राजकन्येच्या खांद्याएवढं झालं आणि लाल फळांनी लवलं. दगड आणि काळीज यांत बोटभर अंतर उरलं होतं. कुंदप्रभेने हात लांबवला आणि चेरी खुडली.

दगड वितळला. ती उठली आणि तिने पहिलं पाऊल उचललं.

"अगं, आळ्यात पाय नको!" हंसाई ओरडली.

कुंदप्रभा खळखळून हसली. तीन पावलांत आळ्याला वळसा घालून ती आली, हंसाईच्या मातकट पायांशी वाकली आणि म्हणाली, "माई, माझे हे पाय तुझेच."

राजानेही मुकुट उतरवून हात जोडले. भद्रसेन परसबागेत भाजी लावायला शिकू लागला, राजबाग हंसाईकडे आली, आणि तेव्हापासून त्या राज्यात रोप लावताना कलमाची गाठ सर्वांना दिसेल अशी उघडी ठेवतात.