हौसाक्काची पेटी

“किती खोल, आप्पा? मिलिमीटरमध्ये सांगा.”

“हौसाक्काची पेटी हाय.”

“ते कळलं. खोबण किती खोल?”

सिदूआप्पा सुतारांनी कानावरची बिडी काढली, पाहिली, परत कानावर ठेवली.

“फूल बसंल एवढी.”

निनादने वही मिटली. दोन वर्षं परदेशात लाकूडकाम शिकून तो कोयनेकाठच्या या पत्र्याच्या शेडमध्ये आला होता. ही कला बुडू द्यायची नाही, असं ठरवूनच आला होता. काळ्या शिसवीत हळदूच्या फिकट पिवळ्या लाकडाचं फूल जडवणारे खोऱ्यात आता आप्पाच उरले होते. सात महिन्यांत निनादने अकरा पेट्या केल्या. एकही शेडच्या दाराबाहेर गेली नाही. ही बारावीही बाद झाली तर बॅग भरायची, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दर पेटीला तेच. आप्पा डोळे मिटत आणि झाकणावरून तळहात फिरवत. शिसव कुठे संपली नि फूल कुठे सुरू झालं, हे हाताला कळलं की पेटी बाद.

“लागतंय.”

तेवढंच बोलत. कुठे, किती, काही नाही.

निनादने पाच पाकळ्यांचा देवचाफा कापला, खोबणीत सरस लावून बसवला, काचकागदाने घासला. चार दिवस गेले.

आप्पांनी डोळे मिटले.

“लागतंय.”

“कुठे लागतंय? मी भिंग लावून पाहिलंय.”

“मग भिंगाला इच्यार.”

आणखी दोन दिवस घासणं. बोटांची सालं निघाली. पुन्हा आप्पांचा हात झाकणावरून गेला, परत आला…

“न्हाई लागत.”

निनाद बाहेर नळावर गेला आणि उगाचच तोंड धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का आली. लेकीच्या खांद्यावर हात, पायाने उंबरा चाचपत. डोळे जाऊन तिला दहा वर्षं झालेली. तिचे मालक मागच्या वर्षी वारले. त्यांचा चष्मा, अडकित्ता आणि मफलर ठेवायला तिला पेटी हवी होती आणि पेटीवर हवा होता त्यांनी दारात लावलेला चाफा.

तिने पेटी मांडीवर घेतली. झाकणावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. पेटी उलटी करून तळही चाचपला.

“सिदू, चाफा घालतो म्हनला हुतास.”

“हाय की आई,” लेक म्हणाली. “लांबनं सुदीक उठून दिसतोय.”

“तुला दिसतोय गं.”

झाकणावर हात आणखी एकदा फिरला, सावकाश. मग तिने पेटी खाली ठेवली.

“चांगली झालीया,” ती म्हणाली. “पर ऱ्हाऊ दे हितंच. मी निऊन काय करू?”

दोघी गेल्या.

“सात महिने,” निनाद म्हणाला. “सात महिने तुम्ही माझ्याकडून फुलं घासून घेतलीत. हाताला लागता कामा नये म्हणून. आणि तिला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं.”

“समद्या गावाला म्हाईत हाय.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“पेटी कुनाची ते सांगितलं हुतं की.”

“नाव सांगितलंत, आप्पा. नुसतं नाव.”

“हां. मग तू किती खोल ते इच्यारलंस.”

बॅग कोपऱ्यातच होती. तिच्याकडे निनाद बघत राहिला…

मग त्याने पाणी गरम केलं, फडकं बुडवून पिळलं आणि फुलावर ठेवलं. सरस विरघळायला तास लागला. पाचही पाकळ्या निघून आल्या.

संध्याकाळी तो विचारत विचारत हौसाक्काच्या दारात गेला. आत गेला नाही. चाफ्याखाली पडलेलं एक फूल उचललं, डोळे मिटले आणि पाकळीवरून बोट फिरवलं. पाकळीची एक कड जाड होती, किंचित वळलेली. दुसरी कड शेजारच्या पाकळीखाली शिरलेली. सात महिन्यांत त्याने चाफा वीस वेळा कापला असेल. हे त्याला माहीत नव्हतं.

पाच दिवसांनी त्याने पेटी आप्पांसमोर ठेवली. खोबणीची खोली वहीत लिहिलेली नव्हती.

आप्पांनी डोळे मिटले. तळहात शिसवीवरून निघाला आणि अडला. मग बोटं पुढे झाली. एक पाकळी… दुसरी… पाचव्या पाकळीच्या वळलेल्या कडेवर अंगठा थांबला.

निनादचा हात सवयीने काचकागदाकडे गेला.

“घासू?”

आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

“कागद खाली ठेव,” ते म्हणाले. “लागतंय.”